हाताशी असलेलं पुन्हा दिसावं म्हणून

गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याला काच लागली. जखम खोल होती, टाके पडले आणि अंगठा तीन आठवडे बँडेजमध्ये गेला. पाच बोटांतलं एक बोट, त्याचं एवढं काय, असं पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाचं बटण काजात जाईना. मग टूथपेस्टचं झाकण, दाराची कडी, पिळायचं फडकं, पुस्तकाचं पान, टेबलावर पडलेलं नाणं. सगळीकडे तो अंगठा होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. टाके निघाले त्या दिवशी बटण लावायला मी मुद्दाम वेळ घेतला. अंगठ्याच्या पेरानं बटणाची कड दाबली, तर्जनीनं काजाची शिवण जरा मागे ओढली आणि बटण सुळकन आत गेलं. माझे डोळे भरून आले.

दहाव्या दिवशी मी हे सगळं विसरलो होतो. शर्ट घातला, बटणं लावली, बाहेर पडलो, आणि अंगठा पुन्हा कुठेच नव्हता.

हा लेख त्या दहाव्या दिवसासाठी आहे. मोल कळायला एक अपघात पुरतो. ते टिकवायला मात्र सराव लागतो, आणि तो सराव कसा करायचा हे पायरीपायरीनं सांगता येतं. मी वर्षभर तो करतोय. काय जमलं, काय फसलं, तेही ओघात सांगेन.

आधी एक छोटा प्रयोग

कोऱ्या कागदाच्या मधोमध पेनानं ठळक ठिपका काढा. त्यापासून चार-पाच बोटांवर पेन्सिल आडवी धरून हलकं घासा, म्हणजे पुसट कडांचा फिकट डाग उमटेल. कागद हातभर अंतरावर धरा, एक डोळा झाका आणि ठिपक्यावर नजर खिळवा. पापणी शक्यतो लवू देऊ नका. थोड्या वेळानं तो डाग विरघळल्यासारखा नाहीसा होईल. नजर जराशी हलवा, डाग परत येईल.

स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ साली हे नोंदवलं. जे बदलत नाही त्याची खबर देणं डोळ्याच्या पेशी थांबवतात. आपण एकटक बघतोय असं वाटतं तेव्हाही बुबुळ बारीक थरथरत असतं, आणि त्या थरथरीमुळेच समोरचं जग टिकून राहतं. डोळ्यावरची प्रतिमा यंत्रानं पूर्ण स्थिर केली तर काही सेकंदांत ती पुसट होत जाते.

मनाचंही असंच आहे. १९७८ साली मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं आणि मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणं अशा साध्या गोष्टींतून किती सुख मिळतं ते विचारलं. लॉटरी न लागलेल्या शेजाऱ्यांपेक्षा त्यांनी या गोष्टींना कमी गुण दिले. पैसा आला, आणि न्याहारी मात्र फिकी झाली.

अतिपरिचयात अवज्ञा, असं आपण म्हणतो. मला तो शब्द जरा कडक वाटतो. अवज्ञा करायलासुद्धा समोरची गोष्ट दिसावी लागते. इथे ती दिसतच नाही. म्हणून ‘मी किती कृतघ्न’ असा दोष स्वतःला देत बसू नका, त्यातून काही निघत नाही. डोळा करतो तेच आपण करायचं: असलेली गोष्ट जागची जराशी हलवायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे हलवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

एकच गोष्ट निवडा

सुरुवातीला मी वही घेऊन रोज दहा गोष्टींची यादी करायचो. घर, तब्येत, माणसं, काम, डोक्यावरचं छप्पर. चौथ्या दिवशी यादी पाठ झाली आणि मन कोरडं ते कोरडंच. सातव्या-आठव्या ओळीला तर ‘आता काय लिहू’ म्हणून अडायला व्हायचं, आणि अडलं की वाटायचं, आपल्याकडे तसं फारसं काही नाहीच.

या अडण्यामागचं कारण मला नंतर उमगलं. नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली काहींना आपण ठामपणे वागल्याचे सहा प्रसंग आठवायला सांगितले, काहींना बारा. बारा आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. प्रसंग जास्त सापडले होते, पण आठवताना दमछाक झाली, आणि मनानं त्या दमछाकीवरून निष्कर्ष काढला. लांबलचक यादीनं कृतज्ञतेचंही हेच होतं.

म्हणून एका आठवड्याला एकच गोष्ट घ्या. कसोटी सोपी: आज दुपारपर्यंत जिला तुमचा हात लागला, अशी वस्तू. नळ, दिव्याचं बटण, चष्मा, चप्पल, दाराची कडी, साबण. ‘आरोग्य’, ‘कुटुंब’ असले मोठे शब्द पहिल्या महिन्यात नकोत. ते खोटे आहेत म्हणून नव्हे. त्यांना कड नाही, पकडायला काही सापडत नाही. साबणाला कड असते.

पुढे मी नळ घेऊन चालतो. तुम्ही तुमची वस्तू घ्या.

मनात वजा करून पाहा

‘नळ आहे, किती छान’ असं म्हणून काही होत नाही. उलट दिशेनं जायचं: नळ नसता तर?

मिन्क्युंग कू, टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हेच तपासलं. जोडीदारासोबत राहणाऱ्या काही लोकांना त्यांनी आपली भेट कशी झाली ते लिहायला सांगितलं, आणि काहींना ती भेट कशी झालीच नसती ते. दुसऱ्या गटाला आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. गंमत अशी की, कशानं जास्त बरं वाटेल असं लोकांना आधी विचारलं, तर त्यांना हे ओळखता आलं नाही. म्हणजे ही पायरी करून पाहिल्याशिवाय पटणार नाही, तेव्हा पटण्याची वाट पाहू नका.

वजाबाकी ढोबळ करायची नाही, आकड्यांनी करायची. माणसाच्या रोजच्या गरजा नीट भागायला जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी धरते. घरात चार माणसं आणि कमीत कमी ५० लिटर धरलं, तरी २०० लिटर झालं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे रोज २०० किलो वजन, २० लिटरच्या बादलीनं दहा खेपा. पाण्याची जागा पाच मिनिटांवर असली, तर एका खेपेला जाऊन-येऊन दहा मिनिटं. भरायला आणि रांगेत उभं राहायला लागणारा वेळ वेगळा. तो शून्य धरला तरी शंभर मिनिटं होतात.

आता ही शंभर मिनिटं तुमच्या कालच्या दिवसात बसवा. कागदावर लिहा: सहा ते आठ काय केलं होतं? त्यातलं काय गेलं असतं? झोप, मुलाचा अभ्यास, वर्तमानपत्र, व्यायाम? आणि दहा बादल्या घरातल्या कुणाच्या डोक्यावर आल्या असत्या? मी हे लिहिलं तेव्हा शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त अडखळलो. उत्तर मला ताबडतोब ठाऊक होतं, आणि ते माझं नाव नव्हतं.

ही कल्पना अनेकांच्या बाबतीत कल्पना नाहीच. २०२२ च्या आकडेवारीनुसार सुमारे २२० कोटी लोकांना घरात, हवं तेव्हा आणि दूषित नसलेलं पाणी मिळत नव्हतं. हा आकडा इथे ‘बघा, इतरांचे किती हाल’ म्हणून दिलेला नाही. दुसऱ्याच्या हालांवर उभं राहिलेलं समाधान मला नकोसं वाटतं, आणि ते टिकतही नाही. नळ हा निसर्गनियम नव्हे, एवढंच त्या आकड्यातून घ्या.

मग एक दिवस खरोखर वजा करा

मनातली वजाबाकी डोक्याला समजते. शरीराला समजायला एक दिवस लागतो.

सुटीचा दिवस निवडा. आदल्या रात्री २० लिटरच्या दोन बादल्या भरून ठेवा आणि तुमच्या वापरातल्या नळांना फडक्याची पट्टी बांधा. दिवसभर तेवढ्याच पाण्यात अंघोळ, भांडी, हात धुणं, सगळं. पिण्याचं पाणी वेगळं ठेवायचं, ते कमी करायचं नाही. पट्टी बांधणं महत्त्वाचं आहे. हात सवयीनं नळाकडे जातो, बोटांना फडकं लागतं आणि लक्षात येतं. मी त्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस वेळा फडक्याला हात लावला, मोजून. एकतीस वेळा नळ मला दिसला. एरवी वर्षभरात एकदाही दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडताना मात्र घाई करू नका. पाण्याची धार हातावर घ्या आणि दहा श्वास तिथेच उभे राहा. या पायरीचं खरं काम या दहा श्वासांत होतं. जोर्दी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ साली काही लोकांना आठवडाभर चॉकलेट सोडायला लावलं आणि काहींना हवं तेवढं खायला दिलं. नंतर दोघांनाही एक तुकडा दिला, तेव्हा सोडलेल्यांना त्याची गोडी जास्त लागली. परत मिळण्याचा क्षण सांडू द्यायचा नाही.

काही वजाबाक्या चुकूनही करायच्या नाहीत. औषध सोडणं, चष्म्याशिवाय गाडी चालवणं, आजारी किंवा म्हातारं माणूस घरात असताना फोन बंद ठेवणं, मधुमेह असताना उपाशी राहणं. आणि घरातल्या बाकीच्यांवर हा प्रयोग लादू नका. पट्टी तुमच्या नळाला, त्यांच्या नाही.

माग काढा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. तिच्यासाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवा.

नळाच्या तोटीपासून सुरुवात करा आणि उलटं चालत जा. तोटी, भिंतीतला पाइप, टाकी, पंप, रस्त्याखालची वाहिनी, शुद्धीकरण केंद्र, धरण किंवा विहीर. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: इथे कुणाचा हात लागला? भिंत फोडून पाइप बसवणारा प्लंबर. टाकीत उतरून गाळ काढणारा माणूस. रात्रपाळीला पाण्याचे नमुने तपासणारी बाई. वाहिनी फुटली की भर पावसात खड्ड्यात उतरणारी माणसं. किमान सात हात सापडेपर्यंत थांबू नका. पहिले तीन सहज सुचतात, मग अडायला होतं, आणि जे हात आपल्याला कधीच दिसत नाहीत ते चौथ्यापासून पुढे लागतात.

जागेचा माग संपला की काळाचा काढा. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा पसरला आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा कॉलरा दूषित हवेतून होतो असा समज होता. जॉन स्नो या डॉक्टरानं मृत्यू कुठल्या घरांत झाले ते शोधत फिरून सगळ्या खुणा एका पाण्याच्या पंपाशी आणून जोडल्या. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात रोजच्या रोज क्लोरीनचं संयुग मिसळायला सुरुवात झाली, आणि मग इतर शहरांनी तेच केलं. आज नळाच्या टोकाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असा दंडक आहे. लिटरमागे मिलिग्रॅमचा पाचवा भाग! पावसाळ्यात पाण्याला जो वास येतो आणि ज्यावर आपण नाक मुरडतो, तो वास म्हणजे कुणीतरी आपलं काम चोख केल्याची पावती.

वस्तू बदलली की माग बदलतो. घरातल्या औषधांच्या डब्यातली अँटिबायोटिकची गोळी घ्या. १९२४ साली अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला, रक्तात विष पसरलं आणि ७ जुलैला तो गेला. देशातले उत्तमातले उत्तम डॉक्टर उशाशी होते, पण गोळी नव्हती. पेनिसिलिन हे अँटिबायोटिक संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंगच्या नजरेला पडलं ते १९२८ साली. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते देऊन पाहिलं. तो सुधारू लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून औषध परत गाळून काढून पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही, आणि तो वाचला नाही. माझ्या अंगठ्याच्या जखमेवर मी पाच दिवस गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही याचा कंटाळा केला होता.

ज्यांना शरीर हीच गोष्ट निवडायची असेल, त्यांनी मूत्रपिंडं घ्यावीत. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, जवळजवळ सगळा परत रक्तात सोडतात आणि दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. ती थकली की माणसाला साधारण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास यंत्राला जोडून बसावं लागतं. हे तास आज आपल्याकडे आहेत, आणि ते कुणी दिलेत ते आपण विचारतसुद्धा नाही.

माणसापर्यंत पोचा

माग काढताना एखादा तरी हात ओळखीचा निघतो. त्याला सांगा.

इथे बहुतेक जण अडतात. ‘मी आपला आभारी आहे’ हे वाक्य घरच्या माणसापुढे उपरं वाटतं, भाषणातलं वाटतं. मग ते म्हणूच नका. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: ते माणूस नेमकं काय करतं, ते करताना त्याचं काय जातं, आणि त्यामुळे तुमच्याकडे काय उरतं. ‘आई, तू रोज पाच वाजता उठून पाणी भरतेस. तुझी झोपमोड होते आणि मी सातपर्यंत झोपतो. मला इतकी वर्षं हे कधी दिसलंच नव्हतं.’ एवढं पुरे. पुढे ‘थँक्यू’ जोडायची गरज नाही. जोडायचंच असेल तर एखादी पहाट जोडा: एक दिवस तुम्ही उठा.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली लोकांना अशी पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, आपले शब्द बरोबर नाहीत. वाचणारे मात्र अंदाजापेक्षा बरेच जास्त हरखले होते आणि अवघडले होते बरेच कमी. तेव्हा पत्र सुंदर होण्याची वाट पाहू नका.

ओळख नसलेल्या माणसांसाठी वेगळा मार्ग. टाकी साफ करायला येणाऱ्याचं नाव विचारा आणि पुढच्या वेळी त्याच नावानं हाक मारा. पैसे वेळेवर द्या. ज्याचे कष्ट आपल्याला दिसले, त्याच्या मजुरीत घासाघीस करायची नाही.

आठवड्यातून एकदाच लिहा

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांच्या २००३ च्या अभ्यासात कृतज्ञतेच्या नोंदी आठवड्यातून एकदा ठेवणाऱ्यांना, कटकटींच्या नोंदी ठेवणाऱ्यांपेक्षा, आयुष्याबद्दल बरं वाटत होतं आणि येणाऱ्या आठवड्याची उमेद जास्त होती. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या २००५ च्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. रोजचं लिहिणंही शेवटी त्या पेन्सिलीच्या डागासारखं विरून जातं.

वार ठरवा. तारीख, वस्तू, आणि या आठवड्यात तिच्याबद्दल नवं कळलेलं एक काहीतरी, एवढंच लिहा. नवं काही कळलं नसेल तर पान कोरं सोडा. जुनंच पुन्हा लिहिण्यापेक्षा कोरं पान बरं.

कुठे थांबायचं

दुःख ताजं असताना हे करू नका. माणूस गेलं असेल, नोकरी गेली असेल, तर आधी रडून घ्या. ‘जे आहे त्यात समाधान मान’ असं कुणी तुमची रास्त तक्रार दाबायला म्हणत असेल, तर ती कृतज्ञता नव्हे. पगार कमी मिळतोय, घरात मारहाण होते, पाणी गढूळ येतंय, या गोष्टींवर बोलायलाच हवं. शुद्ध पाण्याचं मोल कळलेला माणूस गढूळ पाण्याची तक्रार जास्त नेटानं करतो, असा माझा अनुभव आहे. आणि आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

शेवटी हात चालवा

आठवडा संपताना निवडलेल्या वस्तूची डागडुजी करा. नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर वीस लिटरहून जास्त, म्हणजे ओझ्याच्या हिशेबातली अख्खी एक बादली. बहुतेक वेळा आतला वॉशर झिजलेला असतो. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, तोटीचा वरचा भाग पान्यानं सोडवा, जुना वॉशर सोबत नेऊन त्याच मापाचा आणा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि त्या नळाशी माझी जी ओळख झाली ती कुठल्याही पानावर झाली नव्हती.

या आठवड्यात माझ्याकडे चष्मा आहे. त्याच्या डाव्या काडीचा स्क्रू महिनाभर ढिला आहे. आधी तो आवळून घेतो.